उंच बाईचं माप

माझ्या मापांच्या वहीत शेवटच्या पानावर एक गिऱ्हाईक आहे, तिचा एकही कपडा मी शिवलेला नाही. नाव ‘उंच बाई’, अक्षर आमच्या ह्यांचं. छाती नाही, बाही नाही, नुसती कंबर. पहिल्या वर्षी अठ्ठेचाळीस इंच, एकोणिसाव्या वर्षी साडेसत्तावन्न. डोंगरावरच्या एका झाडाचं माप आहे ते.

हे जमीन मोजणीच्या खात्यात होते. दर शरदात आम्ही गाडीने डोंगरापर्यंत जायचो, हे माझी टेप खिशात घालून वर जायचे आणि मी खाली गाडीत बसून काजं करायचे. पहिल्या वर्षी ते म्हणाले होते, “चल की वर. मोजायला दुसऱ्या टोकाला माणूस लागतो.” मी म्हटलं, “सोमवारी नऊ शर्ट द्यायचेत. झाडाचं काय अडलंय?” पुन्हा त्यांनी विचारलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

ते गेले आणि चार महिन्यांनी तो डोंगर पेटला. काल पेपरात वाचलं, वाट पुन्हा उघडली आहे, आणि ज्या मेलेल्या झाडांना लाल पट्टा मारलाय ती सोमवारपासून तोडणार. आज शनिवार. वहीतली विसावी जागा रिकामी होती. मी टेप घेतली, गुडघ्याला पट्टा बांधला आणि निघाले.

वाटेच्या तोंडाशी वनरक्षक बाई उभी होती, माझ्या भाचीच्या वयाची. “कुठलं झाड, मावशी?” तिने विचारलं.

“तिसऱ्या वळणाच्या वर, दरीकडे तोंड करून आहे म्हणायचे.”

“तिथे चाळीसेक आहेत. सगळीच दरीकडे तोंड करून.”

एवढी वर्षं मी त्यांचं बोलणं एका कानाने ऐकलं, त्याचं हे फळ. पण पोरगी चांगली होती, माझ्या पिशवीसकट वर आली. वाटेत गुडघाभर नेचे उगवले होते, दगडांच्या फटीतून जांभळी फुलं डोकावत होती, आणि लोक त्यांच्यासमोर वाकून वाकून फोटो काढत होते. वर मात्र नुसते काळे खांब. त्यांच्यामधून दरी पार तळापर्यंत दिसत होती. सुंदर होतं, नाही कशाला म्हणू? मला त्याचा राग आला.

“तुमच्या झाडाचं माप काय?” तिने विचारलं.

“साडेसत्तावन्न. पण साल जळून गेलीय. जाड कोटावरून घेतलेलं माप असेल तर दोन-अडीच इंच कमी करावे लागतात. पंचावन्नच्या आसपास बघ.”

ती हसली आणि टेपचं टोक धरून उभी राहिली. पहिलं झाड एकोणपन्नास. दुसऱ्याला माझी साठ इंची टेप पुरलीच नाही. तिसरं बावन्न. आमचे हात कोपरापर्यंत काळे झाले. तेवढ्यात खालच्या वळणावर कोणीतरी दोरी ओलांडून कड्याकडे निघालं, तशी ती ओरडत धावली.

मी एकटी राहिले. चौथ्या झाडाला टेप लावली, अंगठ्याने टोक दाबून धरलं आणि दुसरा हात खोडामागे नेला. हात पुरेना. टोक सोडून पलीकडे गेले तर टेप घसरून पायाशी पडली. तीनदा तसंच झालं. वैतागून मी मोठ्याने म्हटलं, “अहो, तुम्ही एकटे कसं मोजत होता हे?”

पाचव्या झाडावर लाल पट्टा होता. पट्ट्याच्या वीतभर खाली, ह्यांच्या छातीच्या उंचीवर, एक खिळा. साल जळल्यामुळे बोटभर बाहेर आलेला.

मी टेपच्या टोकाकडे पाहिलं. टोकाच्या पितळी पट्टीला भोक होतं. माझ्या प्रत्येक टेपला ते असायचं. नवी आणली की वर्षाच्या आत भोक. भोकं पडलेला माल विकतोस म्हणून दुकानदाराशी भांडून मी तीन टेपा बदलून आणल्या होत्या, आणि हे शेजारी उभे राहून खाली बघत होते.

भोक खिळ्यात अलगद बसलं.

वनरक्षक बाई धापा टाकत परत आली. “सापडलं? थांबा, मी धरते टोक.”

“नको गं,” मी म्हटलं. “टोक धरायची सोय आहे इथे.”

तिने वाकून खिळा पाहिला. मग बुंध्याशी बोटभर उंचीची रोपं होती, ती दाखवून म्हणाली, “बघा, त्याच जातीची आहेत. आगीच्या धगीनेच बिया उघडतात ह्यांच्या.”

“येऊ देत,” मी म्हटलं. “त्यांची मापं माझ्याकडे नाहीत.”

ती दूर जाऊन उभी राहिली. मी टेप ताणून धरली आणि झाडाभोवती फिरू लागले. मागच्या बाजूला उतार होता, मुळं होती, एका हाताने खोड धरून पाय टाकावा लागत होता. फेरी पूर्ण करून खिळ्याशी आले. तिथे कोणी नव्हतं. एकोणीस वर्षं हे असेच फिरून परत यायचे आणि इथे कोणी नसायचं, आणि मी तीन वळणं खाली गाडीत काजं करत बसलेली असायचे. मला हुंदका आवरला नाही.

मग डोळे पुसले, चेहराही काळा झाला असणार, आणि आकडा वाचला. सव्वापंचावन्न. वहीत, त्यांच्या आकड्यांच्या खाली, माझ्या अक्षरात लिहिला.

टेप खिळ्यावरच राहू दिली.