भगरीच्या पिठाची साक्ष

दसरा झाला की शिरूर कासारकडची ती वाडी ऊसतोडीला निघून जायची. सुभद्राबाईचा लेक सोमनाथ आणि सून संगीताही जायचे. मागं उरायची ती थोडी म्हातारी माणसं, कुत्री आणि भागवतचं किराणा दुकान. समोरच्या ओट्यावर म्हाळू बसलेला असायचा खरा, पण तो ठार बहिरा. त्याच्याशी बोलून बोलून सुभद्राबाईचा घसा बसायचा आणि तो आपला हसायचा.

दुकान उघडायला जाताना भागवत रोज तिच्या दारात मोटारसायकल थांबवून कडी वाजवायचा.

"मावशे, जिती हाईस का?"

"तुला पोचवल्याबगर मरत न्हाई, मेल्या!"

एवढी शिवी दिली की तिचा दिवस उजाडायचा. दिवसभरात माणसाचं बोलणं म्हणून तिच्या वाट्याला यायचं ते एवढंच.

आणि गंमत बघा, याच भागवतच्या खटल्यात ती सरकारी साक्षीदार होती.

झालं होतं असं, की दोन वर्षांमागं नवरात्रात वाडीतल्या बायकांनी उपासाला भगरीच्या भाकरी खाल्ल्या आणि उलट्यांनी सगळ्या आडव्या झाल्या. भगरीच्या पिठाला उठाव असतो तो नवरात्रात. मागल्या साली उरलेलं पीठ फेकायला भागवतचा जीव झाला नाही, म्हणून त्यानं ते नव्यात मिसळून विकलं. चौथ्या माळेला अन्न खात्याचा साहेब नमुने घ्यायला आला, तेव्हा पंच म्हणून सही करायला एकही बाप्या पुढं येईना. रोज ज्याच्या दुकानात जायचं त्याच्याशी वाकडं कोण घेणार? दवाखान्यातून नुकतीच परतलेली सुभद्राबाई मात्र तिरीमिरीत उठली. "आणा इकडं, मी करते," म्हणाली. आणि केली.

शेजारची छबुबाई, तिची जन्माची मैत्रीण, त्या दुखण्यातून सावरलीच नाही. लेक येऊन तिला पुण्याला घेऊन गेली. शेजारचं दार बंद झालं. त्यानंतरच भागवत रोज कडी वाजवायला लागला.

आता बीडच्या कोर्टाचं समन्स आलं. सकाळची एसटी कधीचीच बंद झालेली. भागवतच म्हणाला, "चल मावशे, मला बी तिकडंच जायचंय." म्हणजे आरोपी पुढं आणि साक्षीदार मागं, एकाच गाडीवर! कोर्टासमोर त्यानं तिला चहा पाजला. खारी बशीत मोडून दिली, कारण तिला दात नव्हते.

"मावशे, एवढंच म्हण, आठवत न्हाई. या वयात कुणाला आठवतंय?" तो खाली बघत म्हणाला. "मी आत गेलो तर दुकान बंद. मग तुला कोण इचारील?"

हेच तर तिला रात्रंदिवस खात होतं. म्हणायचंच, असं ठरवून ती आत गेली. आठवत न्हाई. दोनच शब्द, त्यात काय जातंय?

सरकारी वकिलानं कागद पुढं धरला. "आजी, ही सही तुमची का?"

तिनं डोळे बारीक केले. 'सुभद्रा'तला भ पोट सुटल्यासारखा. तो भ तिला छबुबाईनं शिकवला होता, साक्षरतेच्या वर्गात, कंदिलापाशी, हाताला धरून. छबी हसून हसून बेजार झाली होती.

"माजीच हाय," ती म्हणाली. मग थांबलीच नाही. "पीठ ह्याच्याच दुकानातलं. मागच्या खोलीत जाळी धरलेलं पोतं व्हतं, ते साहेबानं माज्यासमोर उघडलं. वास अजून नाकात हाय."

भागवतनं मान वर केली नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिला वाटलं, हा केव्हाच गेला असणार. पण तो फाटकापाशी गाडी चालू करून उभा होता.

"बसा," म्हणाला.

बसा! त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. वाडीत पोचल्यावर त्यानं तिला दारात उतरवलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा आवाज आला. ती शिवी तयार ठेवून अंथरुणावर उठून बसली. गाडी थांबली नाही. त्यानंतरही रोज तसंच. साखर आणायला गेली की तो तोलून द्यायचा, "आणखी काय पायजे तुमाला?" विचारायचा, आणि मान फिरवायचा. इतके दिवस तो दारात थांबायचा ते तिच्यासाठी की साक्षीसाठी, हे तिला कळेना. आणि विचारायचं म्हटलं तर विचारायला माणूस तोच एक होता.

मग एका सकाळी ती आवाजाच्या आधीच उंबऱ्यात येऊन उभी राहिली. गाडी आली. भागवत सरळ समोर बघत निघून गेला.

"भागवत!" ती जीव खाऊन ओरडली. "जिती हाय रं मी!"

गाडी वळणाआड गेली. समोरच्या ओट्यावर म्हाळूला तिचं तोंड हललेलं तेवढं दिसलं. तो हसला आणि त्यानं हात वर केला.