किल्ली त्याच्याच कमरेला

मी व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवरची पेटी बोलतेय. पत्र्याची, निळ्या रंगाची. मला बनवणाऱ्या कारागिराला घाई होती, म्हणून माझे कोपरे घासायचे राहिले. कपाळावर लिहिलं होतं, ‘मत मोकळेपणानं कळवा. नाव लिहू नका.’ त्या ओळीचा मला फार अभिमान होता.

सुरुवातीला गंमतच होती. एकानं लिहिलं, चहाची आणि दुधाची एकदा ओळख करून द्या. दुसऱ्यानं लिहिलं, शेजारच्याचं घोरणं सोडवायचं काही औषध आहे का?

पण माझी किल्ली डॉक्टरांकडे नव्हती. त्या आठवड्यातून एकदाच यायच्या. किल्ली असायची वॉर्ड सांभाळणाऱ्या भाऊच्या कमरेला. चहाच्या चिठ्ठ्या तो डॉक्टरांना हसत हसत वाचून दाखवायचा. मारहाणीच्या चिठ्ठ्या फाडायचा आणि ज्याचा संशय येईल त्याला न्हाणीघरात नेऊन रबरी नळीनं झोडपायचा. नळीचा आवाज मला भिंतीतून ऐकू यायचा.

एके सकाळी, दारू बंद झाल्यामुळे थरथरणाऱ्या एका ड्रायव्हरनं भाऊचा हात झटकला. भाऊनं त्याला खाटेला बांधलं आणि त्याचं डोकं लोखंडी दांडीवर आपटलं. पुन्हा आपटलं. आपटतच राहिला. ड्रायव्हर गप्प झाला आणि त्याच्या कानातून रक्त येऊ लागलं.

शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता, बायकोला शब्द देऊन आलेला, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. त्या दिवशी डॉक्टर येणार होत्या. त्यानं चिठ्ठी लिहून माझ्यात टाकली. मी ती घट्ट धरून ठेवायला हवी होती, पण पेटीला कुठली मूठ?

डॉक्टर यायच्या आधीच भाऊनं मला उघडलं. मग सगळ्यांना बसवून एकच ओळ लिहायला लावली, मी इथे सुखी आहे. शिंप्याचं अक्षर जुळलं.

“फार सुंदर अक्षर आहे रे तुझं,” भाऊ म्हणाला.

“मला हवं तेवढं मारा, भाऊ. पण आधी त्याला दवाखान्यात न्या. तो मरतोय.”

नळी आणण्याइतकाही धीर भाऊला उरला नव्हता. त्यानं मलाच खिळ्यांसकट भिंतीवरून उपटलं. माझा कोपरा शिंप्याच्या जबड्यात घुसला. हाड मोडलेलं मला माझ्या पत्र्यात जाणवलं. तो खाली पडला, तरी भाऊ मला त्याच्यावर आपटतच होता.

डॉक्टर दारात आल्या तेव्हा शिंप्याला बोलता येत नव्हतं. त्या त्याच्याकडे धावल्या. त्यानं रक्तानं माखलेल्या हातानं त्यांना दूर सारलं आणि ड्रायव्हरची खाट दाखवली.

ड्रायव्हर वाचला. एका कानानं ऐकू येत नाही त्याला. शिंप्याचा जबडा तारेनं बांधलाय, बायको त्याला नळीनं दूध पाजते.

मी आता पोलीस ठाण्यातल्या फळीवर पडून आहे, चेपलेली. आज एक हवालदारबाई ओलं फडकं घेऊन समोर उभ्या आहेत. बाई, धूळ खुशाल पुसा. कोपऱ्यावरच्या रक्ताला मात्र हात लावू नका. माझ्यातून आजवर तेवढी एकच तक्रार बाहेर पोहोचली आहे.