वर चालणारा देवमासा

रोवेना हॅलिडे लहान मुलांच्या एका कार्टून मालिकेच्या गोष्टी लिहायची. ब्रिस्बेनमध्येच ती मालिका तयार व्हायची. वॉम्बॅट म्हणजे ऑस्ट्रेलियातला छोट्या अस्वलासारखा प्राणी; बिळात राहणारं त्यांचं एक गुबगुबीत कुटुंब, आई-बाबा आणि दोन पोरं. रोज काहीतरी नवा खेळ काढायचा आणि दिवसभर त्यात रमायचं, एवढाच मामला. कधी सोफ्याचं जहाज, कधी बिछान्याचा डोंगर. प्रत्येक खेळात सगळ्यात पुढे बाबा वॉम्बॅट. घरोघरी पोरांपेक्षा त्यांचे आईबापच ती मालिका डोळे पुसत बघायचे.

त्यातला 'पाणबुडी' हा भाग रोवेनाचा. बाबा वॉम्बॅट धाकटीला घेऊन बिळाच्या तळघरात जातो, कपड्यांच्या टोपलीत बसवतो आणि सांगतो, आपण समुद्राच्या तळाशी आहोत. वर धाडधाड आवाज होतो. "देवमासा चाललाय," बाबा कुजबुजतो. "तो जाईपर्यंत शब्द काढायचा नाही." मग तो तिच्या दोन्ही कानांवर आपले पंजे ठेवतो. ते हेडफोन. आवाज थांबला की पाणबुडी वर येते. सात-आठ मिनिटांचा भाग, पण त्याने रोवेनाचं नाव झालं. मुलाखतींमधून ती सांगायची, "हे सगळं आमच्या इप्सविचच्या घराखाली घडलंय. माझे वडील आमच्याशी असंच खेळायचे."

वडील, नेव्हिल, तेव्हा ऐंशीला टेकले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, दारू त्याहून आधी सुटली होती. रेडक्लिफला समुद्राजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत ते राहायचे. मुलाखती छापून आल्यावर तिथे त्यांचा भाव एकदम वधारला. शेजारणी केक घेऊन यायच्या. कुणाची नातवंडं आली की त्यांना नेव्हिलच्या दारात आणून उभं करायचं, "हाच तो खरा बाबा!" नेव्हिल लाजायचे आणि मग रंगवून सांगायचे.

ऐंशीवा वाढदिवस इप्सविचच्या जुन्या घरी करायचं ठरलं. तिथे आता रोवेनाचा थोरला भाऊ डॅरिल राहायचा. रोवेनाहून सहा वर्षांनी मोठा, शाळेची बस चालवायचा. बायको सोडून गेली होती, आठ वर्षांची मुलगी ऑड्री त्याच्याजवळ होती. बोलायला कमीच.

दुपारी ऊन रणरणत होतं. खांबांवर उभ्या त्या लाकडी घराखाली तेवढी सावली. जेवण व्हायच्या आधीच ऑड्रीनं आणि पाहुण्यांच्या पोरांनी आजोबांना घेरलं आणि खाली नेलं. डॅरिल अंगणात शेगडीवर सॉसेज परतत होता. खालचं सगळं ऐकू येत होतं.

"आजोबा, देवमासा आला की काय करायचं?" ऑड्रीनं विचारलं.

"करायचं काय? ओरडायचं! पळा, पळा!"

"नाही काही! टीव्हीत तर गप्प बसतात."

"हां, हां, गप्पच. तुझी परीक्षा घेत होतो."

सगळे हसले. रोवेनाही हसत हसत शेगडीपाशी आली. "अरे, कोळसा केलास त्यांचा! चल की खाली. पहिल्या पाणबुडीतला खलाशी तू."

"खलाशी नव्हतो मी. कॅप्टन होतो."

"जा रे! कॅप्टन डॅड होता."

डॅरिलनं चिमटा बाजूला ठेवला. "रो, डॅड वर होता."

"कधी?"

"नेहमीच. तो देवमासा कोण होता असं वाटतं तुला?"

रोवेनाला आधी ही थट्टा वाटली. डॅरिल मात्र तिच्याकडे न बघता सॉसेज उलटत राहिला. खालच्या आवाजात, पोरांना कळू नये असा, तो म्हणाला, "त्याची नोकरी गेली ते वर्ष. बाटली उघडली की मी तुला उचलून खाली आणायचो. तू पाच वर्षांची होतीस. वर त्याचे बूट वाजायचे, दारं आपटायची. तू थरथरायला लागलीस, म्हणून देवमासा काढला मी."

"आणि हेडफोन?"

"तो आईला काय काय बोलायचा, ते ऐकू येऊ नये म्हणून. दुसरं काय!"

"पण डॅड खाली आलेला मला स्पष्ट आठवतोय. धुण्याच्या टबात बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. तो खेळत होता, डॅरिल!"

"एकदा आला होता. आई मावशीकडे निघून गेली, त्या सकाळी. टबात बसून रडत होता. तू विचारलंस, डॅड काय करतोय? मी म्हटलं, खेळतोय."

रोवेनाच्या हातात पावाची थाळी होती. ती कुठे ठेवावी हेच तिला सुचेना.

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुला चांगलं आठवत होतं ना. त्यासाठीच तर केलं होतं." मग तो म्हणाला, "ते टीव्हीवर येईल, एवढं काही ठाऊक नव्हतं. ऑड्री मला विचारते, तू आजोबांसारखा का नाही खेळत माझ्याशी? काय सांगू तिला?"

तेवढ्यात आजोबांना घेऊन पोरं वर आली. केक कापला, सगळ्यांनी गाणं म्हटलं. रोवेनानंही म्हटलं.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं मालिकेची प्रमुख इमोजेन हिच्यापुढे नवी गोष्ट ठेवली. त्यात धाकटीला खाली नेणारा थोरला भाऊ होता आणि वर चिडलेला बाबा. इमोजेननं शांतपणे वाचली. "गोष्ट चांगली आहे. पण आपला बाबा असा नाही, रोवेना. पोरं झोपायची नाहीत." तिचंही चुकत नव्हतं. रोवेनानं डॅरिलला फोन करून सांगितलं तेव्हा तो वैतागला. "तुला कुणी सांगितलं होतं हे करायला? म्हाताऱ्याला दुसरं काय आहे? राहू दे त्याला."

तरी ती रेडक्लिफला गेली. नेव्हिलना तळलेले मासे आणि बटाटे आवडायचे, ते घेऊन दोघं धक्क्यावरच्या बाकावर बसली. सीगल पक्षी पायांशी घोटाळत होते.

"डॅड, पाणबुडी तुझी नव्हती," ती म्हणाली.

नेव्हिलनी माशावरचं पिठाचं आवरण सोललं. "ठाऊक आहे. मी वर होतो ना."

"मग?"

"तो भाग पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, तू मला टोमणा मारतेयस. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी शेजारीण आली, माझा हात धरून म्हणाली, किती चांगला बाप होतास तू. काय सांगणार होतो तिला?" त्यांनी एक तुकडा सीगलला टाकला. "एकदा हो म्हटलं की मग पुढचं सोपं जातं, पोरी."

"डॅरिलला फोन कर."

"करतो."

"आज कर."

"करतो म्हटलं ना!"

त्यांनी फोन केलाही. डॅरिलनंच नंतर तिला सांगितलं. "आला होता फोन. अर्धा तास बोलला. गवत कापायच्या मशीनला कुठलं तेल घालावं, याच्यावर."

त्या हिवाळ्यात नेव्हिल गेले. छातीत कफ धरला, रुग्णालयात नेलं, तिथून ते परतले नाहीत.

अंत्यविधीला वसाहतीतली सगळी माणसं आली. एका शेजारणीनं शवपेटीवर फुलांशेजारी बाबा वॉम्बॅटची कापडी बाहुली ठेवली होती. चार शब्द बोलायचं काम रोवेनावर आलं. खरं काय ते आज सांगून टाकायचं, हे घरून निघतानाच तिनं ठरवलं होतं. ती उभी राहिली. समोर पहिल्या रांगेत डॅरिल, त्याला टेकून ऑड्री, मागे ती म्हातारी माणसं, कुणी आधीच रुमाल काढलेला.

"आमच्या घराखाली एक पाणबुडी होती," ती म्हणाली. सगळे तिच्याकडे मायेनं बघत होते. त्या नजरांपुढे तिचा धीर सुटला. "त्या पाणबुडीचा कॅप्टन... त्यानं मला कधी भीती वाटू दिली नाही. त्याच्याइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही."

नाव तिनं घेतलं नाही. आपण खोटंही बोललो नाही, असं तिला खाली बसताना वाटलं. माणसं हुंदके देत शवपेटीकडे बघत होती.

बाहेर चहा आणि सँडविच मांडले होते. डॅरिल मोटारीपाशी उभा होता. रोवेना त्याच्याजवळ गेली. "तुझ्याबद्दलच बोलले मी. कळलं ना तुला?"

"कळलं की. मला एकट्याला कळलं."

"तूच म्हणाला होतास, राहू दे."

"तो जिवंत होता तेव्हा म्हणालो होतो." तो तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "आज नाव घ्यायला हवं होतंस, रो. बाकी कुणासाठी नाही. ही पोरगी ऐकत होती."

त्यानं ऑड्रीला हाक मारली आणि मोटार चालू केली.

त्यानंतर तो तुटला नाही, पण दूर गेला. नाताळला फोन, वाढदिवसाला निरोप. रोवेनानं मालिका सोडली, शाळेच्या वाचनपुस्तकांसाठी धडे लिहायला लागली. 'पाणबुडी' लागतच असते, आता किती तरी भाषांतून.

एकदा डॅरिलला फोन केला तर ऑड्रीनं उचलला. रोवेनानं मन घट्ट केलं आणि तिला सगळं सांगितलं. बूट, दारं, कानांवरचे हात, कॅप्टन कोण होता ते.

"ऐकतेस ना, ऑड्री?"

"हो," ती म्हणाली. "पण आत्या, टीव्हीत तर बाबाच असतो."

"ते मी चुकीचं लिहिलं, बाळा."

"मग बदल ना."

"आता नाही बदलता येत."

मागून डॅरिलचा आवाज आला, जेवायला ये, निवतंय. "आले!" ती ओरडली आणि तिनं फोन ठेवून दिला.