जुन्या तेलावर नवा गॅस

मिस्त्रीने एसीच्या कॉम्प्रेसरचा पाइप सोडला आणि तोंड फिरवलं. आतून काळं, शेंबडासारखं काहीतरी ट्रेमध्ये ओघळलं. वास जळक्या, कुजक्या तेलाचा.

"कुणी केलं हे? आत जुनंच तेल, अन् त्याच्यावर नवा गॅस! लाज कशी वाटली नाही मेल्याला?"

शववाहिकेचा ड्रायव्हर शेजारी उभा होता. त्याची नजर बॉनेटच्या आतल्या बाजूला होती.

गाडी जुनी, तिला लागणारा गॅस आता मिळत नाही. नवा भरायचा तर आधी जुनं तेल थेंब न् थेंब काढायचं, रबरी रिंगा बदलायच्या. पुरता दिवस जातो. कामचुकार लोक नुसती गॅस भरायची तोंडं बदलतात आणि अर्ध्या तासात मोकळे होतात. जुनं तेल नव्या गॅसात मिसळत नाही; काही महिन्यांनी कॉम्प्रेसर कोरडा पडून स्वतःलाच खातो.

केबिनमधून गॅरेजमालकाने, म्हणजे मिस्त्रीच्या मेहुण्याने, डोकं बाहेर काढलं.

"दाजी, कशाला जीव काढताय? गॅस मारा, सोडून द्या. मागं झोपणारा थोडाच तक्रार करणार आहे?"

आपल्याच विनोदावर तो खदखदून हसला. मिस्त्रीला त्या हसण्याचीही किळस आली.

"असलं काम माझ्या हातून होत नाही," तो ड्रायव्हरला म्हणाला. "कॉम्प्रेसर नवा बसवू. नीट करून देतो."

"नीटच करा, मिस्त्री. मागच्या महिन्यात एसी वाटेत बंद पडला. भर उन्हात नऊ तासांचा रस्ता. एक मुलगी मागं बापाच्या मढ्याजवळ बसली होती. निम्म्या वाटेत तिनं गाडी थांबवायला लावली, उतरून उलटी केली. मग पुढं माझ्याशेजारी येऊन बसली. घरी पोचलो तर आई म्हणाली, बापाला एकटं सोडलंस?"

"मग?"

"मग काय. पोरीनं मान वर केली नाही. परवा परत त्याच रस्त्यानं जायचंय."

नव्या गॅसचं लेबल लावायला जागा हवी म्हणून मिस्त्रीने बॉनेटच्या आतली धूळ पुसली. खाली एक लेबल आधीच होतं. 'तेल बदलले. रिंगा बदलल्या.' आणि सही.

सही त्याचीच होती.

दर वेळी तेलकट हातात पेन नको, म्हणून तो सोमवारी सकाळीच शंभरेक कोऱ्या लेबलांवर सह्या करून ठेवायचा. गठ्ठा मेहुण्याच्या टेबलावर असायचा.

"तुम्ही बघितलं होतं हे?"

"तुमची सही बघूनच तर निर्धास्त गेलो होतो," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

मिस्त्रीने हात फडक्याला पुसले. परत पुसले. मळ जाईना.

"त्या मुलीचं घर लक्षात आहे?"

"आहे की."

"परवा मी येतो गाडीबरोबर. येताना तिकडं थांबा. तिच्या आईशी बोलायचंय."