शकुनाच्या पोथीतलं रिकामं घर

मी शकुनाची पोथी. बोलतेय खरी, पण मला काही कळत नाही हे आधीच सांगते. मागाहून बोल लावू नका.

ज्याने बोरूने मला लिहिलं, त्याच्या जगात काहीच उगाच घडत नसे. कावळा ओरडला तरी निरोप, तारा तुटला तरी निरोप. त्या काळच्या कथांतले राजेसुद्धा शकुन पाहिल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. माझ्यात चौसष्ट घरं. डोळे मिटून तांदळाचा दाणा टाकायचा. पडेल त्या घरातली गोष्ट हेच उत्तर.

पुढे ब्रह्मपुरीजवळच्या या घरात माळ्यावर, धानाच्या पोत्यांमागे पडले. कसरीने, त्या कागद खाणाऱ्या किडीने, निवांत खाल्लं मला; एक घर तर आरपार गेलं. खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं. कोणी काही विचारत नव्हतं.

मग या घरच्या सुनेने, करिष्माने, एम.ए.च्या अभ्यासासाठी मला खाली काढलं. विषय, मध्ययुगीन जगदृष्टी आणि वाङ्मय. वहीत तिने ठसठशीत लिहिलं, 'आज असं कोणी मानत नाही.' मी खूश.

श्रावणात तिच्या आठ महिन्यांच्या दिव्यानीला ताप भरला. दोन दिवस उतरेना. नवरा राजुऱ्याला खाणीवर, फोन लागेना. नाल्यावरच्या रपट्याला, त्या ठेंगण्या पुलाला, पाणी टेकलेलं. सासू मीराबाईंनी दवाखान्यासाठी जीप थांबवली, आणि ही करिष्मा माझ्यासमोर बसली! आत्ता निघू, की पाणी उतरू देऊ?

दाणा मारुतीच्या घरात पडला. 'समुद्र पाहून मारुती थांबला. तूही थांब.'

माझं पान न् पान गार पडलं. अगं, ते समुद्राचं लिहिलंय! लिहिणाऱ्याला ना हा नाला ठाऊक, ना हे पोर.

मीराबाई दारात आल्या. "काऊन वो, जीपवाला हार्न वाजवून राह्यला, आन् तू तांदूळ खेळून राह्यली?"

"आई, पोथी थांब म्हणते."

"मंग तापालेबी थांब म्हणन का तुही पोथी? मी त अंगठेवाली. तू कालेजात शिकते न वो!"

करिष्मा ओशाळली. तरी, एकच प्रश्न दोनदा विचारू नये हे ठाऊक असून, तिने पुन्हा दाणा टाकला. दाणा कसरीने खाल्लेल्या त्या घराच्या भोकात गेला. तिने मला उचललं. खाली नुसती सारवलेली जमीन.

"आई, इथी त काईच नाई."

"मंग तूच सांग."

करिष्माने लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि ती जीपकडे धावली.

पाच दिवस मी तशीच उघडी पडून होते. वाऱ्याने पान हललं तरी दचकायची. दाणा बोटभर अलीकडे पडला असता तर?

सहाव्या दिवशी तिघी आल्या. हिवताप होता, वेळेत पोचल्या. त्यांच्या मागोमाग अर्ध्या तासात रपटा बुडाला होता. दिव्यानी सुकली होती, पण माझा कोपरा तोंडात घालण्याइतकी बरी होती.

करिष्माने वहीतली ती ओळ खोडली. खाली लिहिलं, 'भीती वाटली की मीही मानते.'

आता तिचे सर म्हणतात, दुसऱ्या प्रतीवरून खाल्लेलं घर भरून काढू, वर कागद डकवू. करिष्मा, नको म्हण त्यांना. बाकीची त्रेसष्ट घरं खुशाल वाचा, त्यावर लिहा. हे एक रिकामं राहू दे. तू पुन्हा घाबरशील, पुन्हा दाणा टाकशील; ओळखते मी तुला. तेव्हा मला गप्प राहता आलं पाहिजे.