मंजूर मजकुराबाहेर

"वही मिळणार न्हाई," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "वही दाखल दफ्तर झाली."

जिंतूरच्या तहसील कचेरीत ते अहलकार, म्हणजे कारकून. त्यांच्या टेबलासमोर भुजंग उभा होता. डोक्यावर सोला हॅट, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला हा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी मूळचा मानवतचा. चारठाण्याच्या शिवारात पैमाइशीला, म्हणजे जमीनमोजणीला, आलेल्या बावीस पोरांपैकी तो एक. कॉलेजातली मराठी पोरं दर साली एक नाटक करत. यंदा नेमक्या नाटकाच्या दिवसांत कॉलेजनं त्यांच्या हाती दुर्बिणी आणि साखळ्या देऊन त्यांना या रानात धाडलं. पोरं हट्टी. नाटक इथंच करायचं ठरलं. भुजंगनं पाच अंकी नाटक लिहिलं, स्वतःच्या हातानं, एकाच वहीत.

"पण इजाजत मिळाली ना आम्हाला?"

"मिळाली की. ही बघा." गुरुसिद्धप्पांनी उर्दू कागदांची चळत पुढं सरकवली. अकरा पानं, प्रत्येक पानावर शिक्का. "तुमची वही परभणीला गेली. तिच्यासंगं मी केलेला उर्दू तर्जुमा गेला. तर्जुम्यावर शिक्का बसला आन् तो परत आला. वही तिकडंच ऱ्हायली. कायदाच तसा हाय."

"मग आम्ही पाठ काय करायचं?"

हा प्रश्न कायद्यात नव्हता. हैदराबाद रियासतीत त्या काळी चार माणसं जमून काही बोलणार असतील, तर काय बोलणार ते आधी सरकारला कळवावं लागे. तालीम म्हणजेही जमाव, त्यामुळे परवानगीआधी तालीम नाही. पोरांना एक ओळसुद्धा पाठ नव्हती.

"मी पुन्हा लिहितो," भुजंग म्हणाला. "आठवून."

"तुमच्या आठवणीवर शिक्का न्हाई."

भुजंग खुर्चीत बसला. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात यावर उपाय असता तर त्यानं तो केला असता.

उपाय तहसीलदारसाहेबांनी काढला. ज्यानं मराठीचं उर्दू केलं त्यानंच शिक्क्याच्या उर्दूचं मराठी करावं, पोरांनी तेच पाठ करावं, आणि खेळाच्या वेळी त्यानंच हजर राहून शब्द न् शब्द तपासावा. गुरुसिद्धप्पांच्या नोकरीचे सात महिने उरले होते, मग वजीफा, म्हणजे पेन्शन. साहेबांना ते ठाऊक होतं. "गुरुसिद्धप्पा," ते पान चघळत म्हणाले, "एक लफ़्ज़ भी ज़्यादा हुआ, तो समझो आपका वज़ीफ़ा गया."

गुरुसिद्धप्पांनी मान डोलावली. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. बांधाचे तंटे, म्हशींच्या चोऱ्या, सुनांच्या फिर्यादी, सगळ्यांचं त्यांनी उर्दू केलं होतं आणि एका ठरावीक साच्यातून काढलं होतं. त्या साच्यातून म्हैस निघो की महाराणी, दोघी सारख्याच दिसत. भुजंगच्या वहीत राणी चंद्रप्रभा युद्धाला निघालेल्या राजासमोर तीन पानं विलाप करत होती. गुरुसिद्धप्पांनी त्याचं उर्दू केलं होतं, 'मलिका को इस जुदाई से तकलीफ़ है.'

आता या एका ओळीची पुन्हा तीन पानं करायची होती.

राजाचं काम सोपं गेलं. अकरा तहसीलदार पाहिलेल्या माणसाला राजा कसा बोलतो हे सांगावं लागत नाही. प्रधान कचेरीतल्या पेशकारासारखा बोलला, कपटी सेनापती पटवाऱ्यासारखा. घोडं अडलं ते राणीपाशी. घरी कंदील, दौत आणि कोरे कागद घेऊन गुरुसिद्धप्पा तीन संध्याकाळी नुसते बसून राहिले. तकलीफ असलेली बाई काय बोलते? त्यांना उभ्या जन्मात एकाच बाईचं बोलणं नीट ऐकायला मिळालं होतं. ती नीलम्मा, त्यांची बायको, आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

चौथ्या संध्याकाळी त्यांनी टाक उचलला आणि लिहीत सुटले.

नीलम्मा चारठाण्याची. दोन वर्षांमागं गुरुसिद्धप्पांना मिसली, म्हणजे कचेरीचे कागद, घेऊन परभणीला जावं लागलं, म्हणून त्यांनी तिला माहेरी सोडलं. तिथं ताप आला. तिसऱ्या दिवशी निरोप पोचला, आणि ते येईपर्यंत माती देऊन झाली होती. या माणसाला एकच गोष्ट आतून खात होती. तीस वर्षांत ती त्यांच्याआधी कधी जेवली नव्हती. कचेरीत उशीर झाला तर ताटावर ताट झाकून बसून राहायची. त्या तीन दिवसांत ती जेवली का, की तशीच वाट बघत बसली? विचारलं असतं तर सासू सिद्धम्मांनी सांगितलं असतं. पण उत्तराच्या भीतीनं त्यांनी दोन वर्षं चारठाण्यात पाऊल टाकलं नव्हतं. आता सरकारी हुकुमानंच जावं लागणार होतं.

पहिल्या तालमीला, शिवारातल्या पोरांच्या तंबूत, भुजंगनं नवं मराठी वाचलं आणि तो तंबूबाहेर जाऊन एक चक्कर मारून आला.

"अहो, माझी राणी 'प्राणनाथ' म्हणत होती! 'विरहानल' म्हणत होती! आणि ही काय म्हणते? 'दशम्या खाली बांधल्यात, चटणी वर हाय. नुसती चटणी खाऊ नका, ठसका लागंल.' राजा लढाईला चाललाय हो!"

"मग त्याला भूक लागत न्हाई का?" गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

"पण मलिकेला तकलीफ आहे, असं आहे ना उर्दूत?"

"तकलीफ असली की बाई असंच बोलती." त्यांनी कागद सरळ केले. "आन् शिक्का बसलाय."

राणीचं काम वीरुपाक्षकडं होतं. हा सोनपेठचा पोरगा सहा फूट उंच, पण आवाज मऊ. त्यानं ते भाषण एकदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना तंबूतली पोरं हसायची थांबली. "आमची आई असंच बोलते," कुणीतरी म्हणालं. भुजंगचा तिळपापड झाला, पण त्या दिवसापासून पोरं पाठांतराला लागली.

राजाचं काम बसवराजकडं. दिसायला खरोखर राजा, पण पाठांतराच्या नावानं बोंब. त्याची एक खोड होती. आतून जे सांगितलं जाईल ते तो ठणठणीत आवाजात जसंच्या तसं बोलायचा. शिक्क्याचे कागद गुरुसिद्धप्पांच्या हाती, म्हणून आतून सांगायचेही तेच. एका तालमीत ते वैतागून पुटपुटले, "आरं गाढवा, पुढं सरक की!" बसवराजनं प्रधानाकडं बघितलं आणि गरजला, "आरं गाढवा, पुढं सरक की!" प्रधान सरकला. गुरुसिद्धप्पांना घाम फुटला. खेळाच्या दिवशी असं झालं असतं तर वजीफा जागच्या जागी गेला असता. मजकुराशिवाय तोंडातून हूं की चूं काढायचं नाही, अशी त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली.

बाकीच्या तयारीत इंजिनिअरांनी काही कमी ठेवलं नाही. परवानगीत हत्यारं मना होती, म्हणून लढाई टी-स्क्वेअरनं करायची ठरली. कैद्याच्या बेड्यांसाठी मोजणीची शंभर फुटी साखळी होती. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे मोजणीचे बांबू महालाचे खांब झाले. खेळ सूर्यास्ताआधी संपवायची अट होती, म्हणून पोरांनी जुन्या देवळाची सावली तीन वाजता कुठं पडेल याचं दोन दिवस गणित मांडलं. गणित बिनचूक निघालं. रंगमंच मात्र त्यांनी सावली संपते तिथून पुढं बांधला. सावली सगळी प्रेक्षकांच्या वाट्याला आली, आणि राजेलोक उन्हात.

त्या दिवशी चारठाणं लोटलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये खुर्चीवर पोलिसांचा जवान. गुरुसिद्धप्पा पट्ट्यांच्या बांबूआड शिक्क्याचे कागद मांडीवर घेऊन बसले. पडद्याच्या फटीतून त्यांनी एकदाच बाहेर पाहिलं. बायकांत सगळ्यांत पुढं सिद्धम्मा बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून पुढं. गुरुसिद्धप्पांनी फट बुजवली.

पहिले दोन अंक रेटत रेटत पार पडले. बसवराज प्रत्येक वाक्याला अडायचा, गुरुसिद्धप्पा आतून सांगायचे, तो गरजायचा. तपासायला आलेला माणूसच नाटक बोलतोय हे जवानाच्या लक्षात आलं, पण त्यावर कलम कुठलं लावावं हे त्याला उमगेना. सेनापतीच्या रंगवलेल्या मिशा उन्हानं हनुवटीवर उतरल्या. टाळ्या पडल्या.

तिसऱ्या अंकात राजा लढाईला निघाला. चंद्रप्रभा गाठोडं घेऊन आली. सहा फुटी राणी बघून बायका पदरात तोंड घालून हसल्या.

"दशम्या खाली बांधल्यात," राणी म्हणाली, "चटणी वर हाय."

पुन्हा हशा.

"पाणी पिऊन निघा. ऊन लय हाय, डोक्याला टापरं बांधा. गाडीत झोपू नका, कागदं पडतील." युद्धावर निघालेल्या राजाकडं कसली कागदं, हे कुणी विचारलं नाही. हसू ओसरत चाललं होतं. एक म्हातारी शेजारणीला कोपरानं ढोसत होती. या गावानं हे बोलणं कधीतरी ऐकलं होतं. "आन् माझी काळजी करत बसू नका. मी काय कुटं जायली न्हाई. हाय की इथंच."

इथं भुजंगच्या वहीत राजा दीड पान शपथा घेत होता. गुरुसिद्धप्पांनी त्या दीड पानाचं उर्दू केलं होतं, 'बादशाह रवाना होता है.' म्हणजे राजानं काही न बोलता निघून जायचं. ते स्वतः परभणीला तसेच निघाले होते, मोटार चुकेल म्हणून चिडचिड करत, मागं न बघता.

पण बसवराज जाईना. समोर राणी उभी, हातात गाठोडं, आता आपण काहीतरी बोलायला हवं असं त्याला मनापासून वाटलं, आणि त्यानं नेहमीप्रमाणं बांबूकडं पाहिलं. गुरुसिद्धप्पांनी हातानं खुणावलं, जा. तो उभाच. कागदावर पुढं काही नव्हतं. गुरुसिद्धप्पांनी कागदावरून मान वर केली, उन्हात उभ्या असलेल्या राणीकडं पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"तूबी जेवून घे, नीला. माझी वाट बघत बसू नको."

"तूबी जेवून घे, नीला!" बसवराज आभाळापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला. "माझी वाट बघत बसू नको!"

मग पुढून सिद्धम्मांचा आवाज आला. त्यांचं तोंड राजाकडं नव्हतं, बांबूकडं होतं. डोळे गेले असले तरी कान शाबूत होते.

"जेवली व्हती, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तिनी दिस जेवली. 'ते रागवतील' म्हणायची, म्हून जेवली. शेवटल्या दिशी ताकभात खाल्ला, माझ्या हातानं."

गुरुसिद्धप्पांनी बांबू घट्ट धरला. महालाचा खांब हलला, पण पडला नाही. त्यांना मोठ्यानं रडू आलं आणि ते रडले. उरलेले दोन अंक पोरांनी कसे उरकले ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. फाशीच्या आधीच साखळीत पाय अडकून सेनापती पडला, एवढं नंतर कुणीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल लिहिला. लपवायचं मनातही आलं नाही. पोलिसांच्या जवानाला यातलं काही कळलं नव्हतं, पोरं तर 'खेळ झकास झाला' म्हणून नाचत होती. तरी त्यांनी आपल्या वळणदार उर्दूत लिहिलं, की मंजूर मजकुराबाहेर दोन गोष्टी बोलल्या गेल्या, पहिली अहलकार गुरुसिद्धप्पा यांनी सांगितल्यावरून राजाकडून, दुसरी प्रेक्षकांतून. दोन्ही शब्दशः खाली दिल्या. मग पटका नीट बांधला, कपाळाला भस्म लावलं आणि कागद साहेबांपुढं ठेवून उभे राहिले.

तहसीलदारांनी वाचलं. परत वाचलं.

"यह नीला कौन है? मलिका का नाम तो चंद्रप्रभा है."

"मेरी घरवाली, सरकार."

"आपकी घरवाली नाटक में थी?"

"नहीं, सरकार. गुज़र गई. दो साल हुए."

साहेबांनी पान चघळायचं थांबवलं. मग बोट एका शब्दावर ठेवलं. "और यह ताकभात क्या है? इसका तर्जुमा क्यों नहीं किया?"

छाछ आणि चावल, दोन शब्दांचं काम होतं. एकतीस वर्षांत गुरुसिद्धप्पांनी एकही शब्द तर्जुम्यावाचून सोडला नव्हता.

"इसका तर्जुमा नहीं होता, सरकार," ते म्हणाले.

साहेबांनी दौतीत टाक बुडवला, कागदाच्या कडेला 'मुलाहिज़ा हुआ', म्हणजे पाहिलं, एवढंच लिहिलं, शिक्का मारला आणि तो परत दिला. वजीफ्याचा विषय निघाला नाही.

गुरुसिद्धप्पांनी कागद शिपायाच्या हाती दिला नाही. स्वतः दफ्तरखान्यात नेला. त्या सालचा बस्ता काढला, लाल फडक्यात बांधलेल्या फिर्यादी आणि मोजण्यांच्या मधोमध तो ठेवला आणि फडक्याला दुहेरी गाठ मारली.