अध्यक्षस्थानी आई

नगराध्यक्षाची खुर्ची काटेरी असते म्हणतात. या गावात त्या खुर्चीवर दोघी बसायच्या, सकाळी आई आणि दुपारी लेक, आणि काटे तेवढे सगळे लेकीच्या वाट्याला आले होते.

खरी नगराध्यक्ष लेक होती. आई पूर्वी होती. पूर्वी म्हणजे इतकी वर्षं, की गावातल्या पोरांना 'नगराध्यक्ष' हा हुद्दा नसून बाईंचं आडनावच वाटायचं. मग आईला विसर पडू लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग माणसांची नावं, मग काल काय घडलं ते सगळंच. निवडणूक आली तेव्हा गावानं आईच्या पुण्याईवर लेकीला निवडून दिलं आणि तिला धाकट्या बाई म्हणायला सुरुवात केली. आईच्या डोक्यात ती निवडणूक शिरलीच नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी उठली, इस्त्रीचे कपडे घातले, रस्ता ओलांडून नगरपालिकेत गेली आणि आपल्या खुर्चीत बसली. शिपायानं समोर पाण्याचा पेला ठेवला. करतो काय बिचारा?

डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "जाऊ द्या त्यांना रोज. ज्या कामात जन्म गेला, त्याला धरूनच त्या उभ्या आहेत. तो आधार काढलात तर सोबत काय काय जाईल, ते मला सांगता यायचं नाही."

तेव्हापासून हा शिरस्ता पडला. सकाळी कचेरी उघडली की खुर्ची आईची. चिटणीस तिच्यापुढे जुनी, कधीच निकालात निघालेली प्रकरणं ठेवायचे. आई ती बारकाईनं वाचायची, खरडपट्टी काढायची आणि सही करायची. उजेडात असलेल्या रस्त्यांवर ती रोज नव्यानं दिवे लावत होती. गावकरीही सामील होते. कोणी ना कोणी येऊन बुजवलेल्या गटाराची तक्रार करायचा, बाईंची बोलणी खायचा आणि हसत बाहेर पडायचा. दुपारी आई जेवायला घरी गेली की लेक त्याच खुर्चीत बसून खरी कामं उरकायची.

सकाळच्या वेळी लेक मुद्दाम समोरच्या खुर्चीत जाऊन बसायची. आई चष्म्यावरून बघायची.

"बुटके, तू कशाला आलीस इथे?"

"सहज. तुला बघायला."

"मी काय पळून चाललेय? बस मग गप्प."

लेक आईपेक्षा वीतभर उंच होती. पण लहानपणी चिकटलेलं नाव उंची वाढली म्हणून सुटत नाही. आईला शेजारीण आठवत नव्हती, मेलेला नवरा कधी आठवायचा कधी नाही, पण बुटकी पक्की होती. आणि खरं सांगायचं तर लेकीला त्या सकाळींची चटक लागली होती. लहानपणी तिची आई कायम सभेला गेलेली असायची. झाकून ठेवलेलं जेवण आणि बंद दार, एवढीच तिला आई माहीत. आता पिकल्या केसांची झाल्यावर तिला रोज सकाळी आईसमोर बसायला मिळत होतं. ती सुखात होती, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

आई तिला उगीच शिकवायची. "नगराध्यक्षाला लोक समजतात तेवढे अधिकार नसतात हं. सभा बोलवायची, चालवायची, आवरायची. फारच कोणी आगाऊपणा केला तर त्याला बाहेर काढायचं. आणि मतं समसमान पडली तर आपलं एक मत टाकायचं. बाकी फिती कापणं."

"आणि ते मत कुणाकडे टाकायचं?"

"आहे ते तसंच राहील, तिकडे. गावाचं मन अजून ठरलेलं नाही, तर आपण एकटीनं कशाला ठरवायचं? मी कायम तेच केलं."

"बरं."

"तुला काय करायचंय म्हणा. पण कानावर असू दे."

घोडं अडलं ते नदीच्या बांधावर. आदल्या वर्षी बांध फुटून खालच्या आळीत पाणी शिरलं होतं. एका म्हाताऱ्या जोडप्याला खिडकीतून ओढून काढावं लागलं होतं. बांध नव्यानं बांधायला सरकार मदत देत होतं, पण नगरपालिकेचा ठराव ठरल्या दिवशी दुपारपर्यंत हातात पडला तरच. झालं असं, की सभासदांचे रुसवेफुगवे निघता निघता नेमकी शेवटच्या दिवशीची सकाळ उजाडली आणि सभा सकाळीच घ्यावी लागली.

लेकीनं मावशीला घरी बोलावून घेतलं. "आज तिला बाहेर सोडू नकोस. काहीही सांग."

मावशीनं आपल्याकडून कसर ठेवली नाही. बहिणीला जुन्या गोष्टींत गुंतवलं, दुखतं म्हणून गुडघे चोळून घेतले. पण समोरच्या इमारतीत सभेची घंटा वाजली आणि आई उठली. मावशी दारात आडवी आली, तर "माझ्यावाचून सभा खोळंबेल" म्हणून तिला बाजूला सारून आई रस्त्यापार.

सभागृहात लेक अध्यक्षस्थानी बसली होती. आई तडक तिच्यापाशी गेली.

"बुटके, ऊठ. खुर्चीत बसून खेळायचं वय राहिलं का तुझं?"

मागे कोणीतरी हसलं. तिथेच विषय संपवता आला असता. पण लेक चिटणिसांच्या कानाशी लागली, "बसू दे तिला. ठराव वाचा आणि आटपा. बहुमत आहेच आपल्याकडे." आणि ती उठून पुढच्या बाकावर जाऊन बसली. विरोधी पक्षाचे पुढारी होते वकील. ते एरवी अध्यक्षांच्या खुर्चीचा पाय हलला तरी हरकत घेणारे, पण तेही मूग गिळून बसले. सभेत बोलायचं कसं ते त्यांना याच बाईंनी शिकवलं होतं. सगळ्या गावानं रोज चालवलेलं नाटक अजून थोडा वेळ चालेल, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं.

ठराव वाचून झाला. हात वर झाले. आणि ज्यांच्या जमिनीतून बांध जायचा होता, त्या दोघा सभासदांनी आयत्या वेळी टोपी फिरवली. आईनं बोट नाचवत स्वतः हात मोजले, पुन्हा एकदा मोजले.

"मतं समसमान," ती म्हणाली. आवाज अगदी पूर्वीचा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "अध्यक्षांचं निर्णायक मत ठरावाच्या विरोधात. ठराव फेटाळला. पुढचा विषय घ्या."

चिटणिसांचा हात तिथल्या तिथे थांबला. वकिलांना हवं होतं ते आयतं मिळालं होतं, पण त्यांनाही मान वर करवेना. खालच्या आळीची सभासद हळूच म्हणाली, "धाकट्या बाई, आता काय हो?"

सभा संपल्यावर चिटणिसांना सांगून गुपचूप निस्तरावं, असं लेकीच्या मनात येऊन गेलं. पण सगळ्यांच्या देखत दिलेला निर्णय मागच्या दारानं बदलता येत नाही. बदलला असता तर वकिलांनी उद्या कोर्टात जाऊन बांधच पाडला असता. तो याच सभेत, याच सगळ्यांपुढे रद्द व्हायला हवा होता, आणि तो रद्द करू शकणारी व्यक्ती गावात एकच होती. तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. तिला खिडकीतून काढलेले ते दोघंही आठवले. आईला वाचवावं की गाव, असा प्रश्न कोणत्याच लेकीला पडू नये. तिला पडला आणि ती उभी राहिली.

"अध्यक्षस्थानी बसलेल्या बाई या सभागृहाच्या सदस्य नाहीत. त्यांचं मत धरता येणार नाही."

"बुटके, खाली बस. प्रेक्षकांना बोलायची परवानगी नाही."

"मी प्रेक्षक नाही, आई. मी अध्यक्ष आहे."

"कोणी केलं तुला अध्यक्ष?"

"गावानं. निवडून दिलंय."

आईनं चिटणिसांकडे पाहिलं. "खरं का हो?"

चिटणिसांनी सगळी हयात या बाईंच्या हाताखाली काढली होती. त्यांच्याशी ते कधी खोटं बोलले नव्हते, जुन्या कागदांचं सोडलं तर. त्यांनी मान हलवली. खरं आहे म्हणून.

आई बराच वेळ लेकीकडे बघत राहिली. रागानं नाही. पाहुण्याची ओळख पटवून घ्यावी तशी. लेकीला वाटलं, आता ओरडेल, रडेल, काहीतरी फेकून मारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण आपल्याला अजून एक वाक्य म्हणायचं आहे हे तिला माहीत होतं, आणि ते तिनं म्हटलं.

"सदस्य नसलेल्या व्यक्तींनी सभागृह सोडावं, असा माझा आदेश आहे."

आई उठली. खुर्ची हातानं नीट मागे सरकवली. "अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो," ती सभेला उद्देशून म्हणाली, "कोणी वाद घालू नये." मग दारापर्यंत गेली, वळली, खुर्चीच्या दिशेनं हात जोडले आणि बाहेर पडली. लेकीनं बसून आपलं मत ठरावाच्या बाजूनं टाकलं. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही, पण चिटणिसांनी तो लिहून घेतला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई उभी राहिली.

"या, अध्यक्ष."

लेकीला वाटलं, आई रुसली. रुसवाच तो, निघेल. तिनं हातपाय धुतले, पानं वाढली, "आई, जेव ना" म्हणाली. आई अवघडून बसली आणि तुम्ही आधी, तुम्ही आधी करत राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात तेच. रुसलेल्या माणसाच्या डोळ्यांत राग असतो. आईच्या डोळ्यांत नुसता आदर होता, आणि त्या आदरानं लेकीच्या काळजाचं पाणी झालं.

तिनं काय काय केलं. आईचा हात धरून तिला सकाळी कचेरीत नेलं, खुर्ची पुढे केली, चिटणिसांनी जुने कागद मांडले. आई संकोचून मागे सरली आणि बाहेर लोकांच्या बाकावर जाऊन बसली. घरी लेकीनं जुने विटके कपडे घातले, केस मोकळे सोडले, लहानपणी जिथे बसायची तिथे जमिनीवर बसली. आई कासावीस झाली. "अध्यक्ष, वर बसा. लोक काय म्हणतील?" मावशीनं तर खांदे धरून सांगितलं, "अगं, ही तुझी लेक." आई हसली आणि म्हणाली, "मोठ्या माणसांशी उगीच नातं सांगू नये."

बांध झाला. पावसाळ्यात नदी वर चढली आणि बांधाला लागून निघून गेली. खालच्या आळीतली माणसं आभार मानायला घरी आली. आईनंच दार उघडलं, सगळ्यांना बसवलं, "अध्यक्ष आत आहेत, बोलावते," म्हणाली. आत लेक भिंतीला टेकून रडत होती. तिनं डोळे पुसले आणि आभार स्वीकारायला बाहेर गेली, कारण तेही नगराध्यक्षाला करावं लागतं.

आठवड्यातून एकदा नगराध्यक्षांनी गावकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायची असतात. त्या दिवशी शिपायानं एकेकाला आत सोडता सोडता आईला आणून समोर बसवलं आणि तोंड फिरवून तो निघून गेला. ती सकाळपासून रांगेत होती, आणि कोणी पुढे जा म्हटलं तर जात नव्हती.

"बोला," लेक म्हणाली.

"माझी मुलगी दिसत नाही," आई म्हणाली. "पुष्कळ दिवस झाले. तुमच्याच वयाची असेल. बुटकी म्हणते मी तिला. रोज सकाळी माझ्यासमोर येऊन बसायची."

लेकीनं टेबलाची कड घट्ट धरली. "शेवटची कधी पाहिलीत?"

"सभेत. मधेच उठून बोलली ती. तिला नियम माहीत नाहीत हो. चूक माझी आहे, मी कधी घरी नसायचे, कोण शिकवणार?" आई थोडी पुढे झुकली. "तुम्ही त्या दिवशी मला बाहेर काढलंत, तेव्हा तिलाही काढलंत का? काढलं असेल तर बरोबरच आहे तुमचं. पण आता येऊ द्या तिला परत. अध्यक्षांना तेवढा अधिकार असतो."

लेक खुर्चीतून उठली, टेबलाला वळसा घालून आईच्या पायांशी बसली. तिचे हात हातात घेतले. "आई, मीच ती. अगं, मी इथेच आहे."

आईनं हात सोडवून घेतले, हळूच, मान राखून. मग इकडेतिकडे पाहत दबल्या आवाजात म्हणाली, "उठा, बाई. तुमचं मन मोठं आहे, पण कोणाची मुलगी हरवली तर आपण तिच्या जागी बसून भागत नाही. शोधावी लागते."

लेक उठली. बाहेर रांग थांबली होती. ती खुर्चीत जाऊन बसली आणि जे प्रत्येक नगराध्यक्ष प्रत्येक आईला सांगतो, तेच तिनं सांगितलं.

"शोध घेतो आम्ही."

"घ्या," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मला भरवसा आहे तुमचा. गावानं उगीच नाही निवडलं तुम्हाला."